दमलेल्या मातीचा मे महिना

कुंडी उलटी करून बुडावर चापट मारली की माती कुंडीच्याच आकाराची बाहेर येते. मुळांनी तिला आतून घट्ट आवळलेलं असतं. वर्षभर टोमॅटो नि मिरच्या पिकवून झालेली ती माती हातात घेतली की वजनालाही हलकी लागते. पाणी घातलं तर एका बाजूनं घेते आणि दुसऱ्या बाजूनं सोडून देते. दर मे महिन्यात मी बोरिवलीच्या माझ्या बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरते आणि ही जुनी माती काढून बसते. घरातले कुरकुरतात. लेक म्हणते, "आई, फेकून दे ना ती. फोनवरून नवी मागवते, उद्या सकाळी दारात येईल." येईलच. हल्ली माती पिशवीत बंद होऊन, वर नाव-पत्ता चिकटवून येते. मी वाद घालत नाही. ऐकू न आल्यासारखं करते. या वयात ते जमतं आणि शोभतंही.

पण खरं सांगायचं तर हा उद्योग मी बचतीसाठी करत नाही, झाडांसाठीही फारसा नाही. मे महिन्याच्या उन्हात जुनी माती तापली की तिला एक वास येतो. ओल्या मातीच्या वासाचं लोकांना फार कौतुक, त्याच्यावर उसासे टाकणाऱ्यांना तोटा नाही. या कोरड्या वासाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. थोडा राखेचा, थोडा वाळक्या मुळांचा, थोडा गोणपाटाचा असा तो वास असतो. तो नाकात शिरला की मी मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उकिडवी बसलेली असते. डोक्यावर बाबांचा ओला पंचा, समोर मातीचा ढीग आणि शेजारी नाक ओढत बसलेली माझी धाकटी बहीण शुभा.

साल नेमकं विचारू नका. ऐंशीच्या दशकातलं होतं एवढं नक्की. बिल्डिंगमध्ये टीव्ही नुकते आले होते आणि टेलिफोन फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींकडे होता. गच्चीवरून एका बाजूला डोंगर दिसायचा, दुसऱ्या बाजूला मिठागरं उन्हात इतकी चमकायची की तिकडे बघवत नसे. मे महिन्यात त्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची. कुणाच्या कुरडया, कुणाच्या गाद्या, कुणाची तिखटाची मिरची. कुठला कोपरा कुणाचा हे कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पाण्याच्या टाकीजवळचा स्वच्छ, गुळगुळीत भाग पापडांचा. पलीकडचा, डांबराचे पोपडे आलेला भाग आमचा. तिथे आईच्या जुन्या लुगड्यांवर आमची माती वाळत पडलेली असायची. लोकांची पोरं पापडांचे कावळे हाकायची, आम्ही मातीतल्या अळ्या वेचायचो.

आई मुंबईला उशिराच आली होती. आमच्याकडे रीतच तशी. बाप्यांनी मुंबईला कमवायचं, बायकांनी गावाला शेत सांभाळायचं. बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे, मुलींना बिस्किटं आणायचे आणि सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी उगाचच चिडचिडे व्हायचे. मग एका वर्षी त्यांनी ठरवलं की मुलींची शाळा मुंबईतच. शेत चुलत काकांच्या हवाली झालं आणि आम्ही तिघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. शुभाला नि मला मुंबई झकास वाटली. आईला मात्र इथे काय करायचं तेच कळेना. पहाटे उठायची सवय, शेतात कंबर मोडेस्तोवर राबायची सवय. इथे स्वयंपाक उरकायचा, भांडी व्हायची, कपडे वाळत पडायचे आणि सकाळ अजून सकाळच असायची. "मगे?" असं ती मोकळ्या ओट्याकडे बघून विचारायची. त्या "मगे"ला आमच्या दोन खोल्यांत उत्तर नव्हतं.

उत्तर तिनंच शोधलं. गावाहून येताना तिनं लुगड्याच्या चिंधीला गाठी मारून बी आणलं होतं, एकेका गाठीत एकेक भाजी. तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली, तडा गेलेला माठ असं जे मिळेल ते तिनं गच्चीवर नेलं. शेजारच्या नव्या बिल्डिंगच्या पायातून निघालेली माती आणली, डोंगराच्या पायथ्याची तांबडी माती आणली. तबेल्यातलं शेण आणायचं काम शुभाकडे आणि माझ्याकडे होतं. एकदा शेणाची बादली दोघींच्या मध्ये धरून येताना माझ्या वर्गातल्या मुली समोरून आल्या. शुभानं त्यांना हात केला. मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

पहिलं वर्ष काय सुंदर गेलं! लाल माठाची भाजी अशी आली की कापून कापून आई दमली. मिरच्या, वांगी, भेंडी, सगळं आलं. शिराळ्याच्या वेलाला चढायला दुसरं काही मिळालं नाही तेव्हा तो सरळ टीव्हीच्या अँटेनावर चढला. रविवारी संध्याकाळी पिक्चर सुरू झाला की आमच्या लायनीतल्या सगळ्या टीव्हींवर मुंग्या यायच्या. बिल्डिंगमधले पुरुष तावातावानं गच्चीवर यायचे, आणि अँटेनाला लोंबणारं ते हिरवंगार शिराळं बघून चक्रावायचे. वेल काढा म्हटलं तर आई म्हणायची, "पिक्चर परत लागात. ह्या शिराळा परत लागाचा नाय." शेवटी ते शिराळं ज्यानं सगळ्यात जास्त आरडाओरडा केला त्याच्याच घरी भाजीला गेलं आणि मुंग्यांचा विषय मिटला.

आमच्या समोर कोकिळाबेन राहायच्या. कांदा-लसूणसुद्धा न खाणारं घर. आणि आई तर मासे धुतलेलं पाणी झाडांना घालायची, कोलंबीची टरफलं डब्यात खोल पुरायची. आमच्या गावात मिरचीला हेच खत. कोकिळाबेन सकाळी जिन्यात आईला गाठून म्हणायच्या, "मंगलची मम्मी, तुझी मिरची एकदम फर्स्ट क्लास हां!" आणि पदरात मूठभर मिरच्या घेऊन जायच्या. मंगल म्हणजे मी. मिरची कशावर पोसली आहे ते आम्ही त्यांना सांगितलं नाही आणि बिल्डिंगमधल्या यच्चयावत मांजरी आमच्याच डब्यांपाशी का बसतात हे त्यांनी विचारलं नाही. शेजार टिकतो तो असा.

दुसऱ्या वर्षी मात्र सगळं बिनसलं. त्याच डब्यांत, त्याच मातीत आईनं पुन्हा लावलं, पण होळीपर्यंत झाडांनी मान टाकली. पानं पिवळी पडली, वांगी सुपारीएवढी राहिली, मिरचीला फूल यायचं आणि गळायचं. घातलेलं पाणी डब्याच्या बुडातून निघून जिन्यापर्यंत वाहत यायचं. शेतात असं कधी झालं नव्हतं. शेताला खालून जमीन असते, डब्याला खालून पत्रा. आई एकेका डब्यातली माती मुठीत घेऊन वळून बघायची आणि मूठ उघडली की ती भुसभुशीत सांडायची.

बाबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. स्टोअरमधला माणूस. माल संपला की नवा मागवायचा. ते म्हणाले, "अगं, संपलं तिचं सत्त्व. खाली म्युनिसिपालिटीची गाडी येते, तिच्यात टाकून देऊ. जाईल देवनारला."

"देवनार म्हंजे खंय?"

"सगळ्या मुंबईचा कचरा टाकतात तिथे."

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पेपर वर धरला. "माती टाकतत काय कोण? दमलीहा ती, मेली नाय," ती म्हणाली. मग, अगदी साध्या आवाजात, भाताला पाणी किती ठेवू असं विचारावं तसं म्हणाली, "आणि पावसाच्या आधी मी गावाक जातलंय. हय माका काम काय आसा? तुमी ऱ्हवा, शाळा शिका."

पेपर खाली आला नाही. शुभा माझ्याकडे बघायला लागली आणि मी भिंतीकडे.

आई बोलून दाखवून घाबरवणारी बाई नव्हती. ती जाते म्हणाली म्हणजे जाणारच. पावसाच्या आधी जाते म्हणाली, पण परत कधी येते ते म्हणाली नाही. त्या रात्री अंथरुणात शुभानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "माती चांगली झाली तर नाही ना जाणार ती?" मी म्हटलं, "नाही जाणार." मला कुणी सांगितलं होतं? पण पोरांना धरायला काहीतरी लागतं. माती सुधारली तर आई राहील, नाही सुधारली तर जाईल, हे आम्ही दोघी त्या क्षणापासून धरून चाललो.

म्हणून त्या सुट्टीत आम्ही खेळायला गेलो नाही. आई डबे उलटे करायची, आम्ही ढेकळं फोडायचो. मुळांचं जाळं सोडवून वेगळं काढायचो. पांढरी, गुबगुबीत हुमणीची अळी सापडली की कठड्यावर ठेवायची, कावळा टपलेलाच असायचा. गांडूळ सापडलं तर मात्र ते ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचं, असा आईचा हुकूम होता. मग माती लुगड्यावर पातळ पसरायची आणि उन्हाच्या स्वाधीन करायची. "तिका वायच पडान ऱ्हवांदे उनात," आई म्हणायची, "कामाची सवय झालीहा, बसूक सांगल्याशिवाय बसाची नाय." मी तेव्हा ते मातीबद्दलच बोलणं समजत होते.

दिवसातून दोनदा माती हातानं खालीवर करायची. पिठाच्या चाळणीनं चाळायची. बाबांच्या पोळीत एकदा खडा आला, तेव्हा ही चाळण कुठली याचा त्यांना उलगडा झाला. पण ते चाळण बाजूला सारून पुढे जेवले. हे सगळं करताना आईला मी कितीतरी दिवसांनी मजेत बघत होते. ती गावच्या बायकांच्या नकला करायची. चाळलेल्या मातीच्या ढिगाला थोपटून बघायची. ती गावाचं नाव काढेनाशी झाली. शुभा मला कोपरानं ढोसायची आणि डोळ्यांनीच विचारायची, झालं ना आपलं काम? मी मान हलवायची. आम्हाला दोघींना खरंच वाटायला लागलं होतं की झालं.

आता शुभा ठाण्याला असते. परवा फोनवर मी तिला म्हटलं, माती काढली आहे गं. ती म्हणाली, "मला अजून त्या उन्हाळ्यातली नखं आठवतात. शाळा सुरू झाली तरी काळी होती, बाईंनी ओळीत उभं करून हात बघितले होते." तिला नखं आठवतात, मला आईची मान आठवते. ओणवं बसून बसून रापलेली, घामाची एक रेघ ब्लाउजमध्ये उतरणारी मान. आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्या वेळी ती जेवढी होती त्याच्यापेक्षा मी आज कितीतरी मोठी आहे, आणि तरी मातीसमोर बसले की मला धाकटंच वाटतं. ती पलीकडे बसली आहे आणि माझ्या ढिगात राहिलेलं एखादं मूळ तिला आत्ता दिसेल, अशी धाकधूक असते. ही धाकधूकच मला हवी असते. ती नव्या मातीच्या पिशवीबरोबर येत नाही.

तर झालं असं वाटत होतं, आणि आईला भाजावळ आठवली.

आमच्या गावाला पावसाच्या तोंडावर, जिथे भाताची रोपं काढायची त्या तुकड्यावर झाडांचा टाळ म्हणजे छाटलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे गळलेला वाळका पाला, शेणी असे थर घालतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. ते धुमसत धुमसत भाजत राहतं. त्यानं तणाचं बी मरतं, कीड मरते, आणि राख मातीत मिसळून रोपं तरारून येतात. ती भाजावळ. मे महिन्यात आमच्या डोंगरउतारांवर जिकडेतिकडे असे निळसर धूर दिसायचे आणि ते बघून कुणी बादली घेऊन धावायचं नाही. आईच्या दृष्टीनं आमच्या मातीचं तेवढंच राहिलं होतं. आम्ही दोघींनी डोंगराच्या पायथ्याहून पातेऱ्याची गोणी भरून आणली, तबेल्यातून शेणी आणल्या. गच्चीवर, आमच्या त्या डांबराच्या भागावर, आईनं एकेक थर नीट रचला. वारा कुठून येतोय ते बोट ओलं करून बघितलं. नमस्कार केला आणि काडी ओढली.

सुरुवातीला छान चाललं होतं. धूर सरळ वर गेला. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. मुंबईला आल्यापासून ती इतकी स्वतःसारखी मला कधीच दिसली नव्हती. मग वारा फिरला. आमच्या गावचा वारा सांगून फिरतो, मिठागरांवरचा सांगत नाही. सगळा धूर जमिनीलगत लोळत टाकीच्या दिशेनं गेला, जिथे कोकिळाबेनचे पापड आपले गोरेगोमटे पडले होते. त्यामागून दुसराच एक उग्र वास यायला लागला. खाली डांबर वितळत होतं.

"आग! आग!" खालून कुणीतरी ओरडलं. जिन्यात पळापळ झाली. कोकिळाबेन वर आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे देवा, माझा पापड! खायच्या अगोदर भाजून टाकला!" त्यांच्या मागून सेक्रेटरी पाटणकर बनियनवर धावत आले, टाकीतून बादली भरून घेतली आणि सरळ आमच्या मातीवर ओतली. मग दुसरी. चर्र आवाज झाला, राखेचा लोट उठला, आणि आमचा एवढ्या दिवसांचा चाळलेला, निवडलेला ढीग काळ्या चिखलात बसला.

आई पुढे झाली. "अहो, भाजावळीर पाणी ओततत काय?"

पाटणकर धापा टाकत होते. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "वहिनी," ते म्हणाले, "ही गच्ची आहे, शेत नाही!"

ते खरं होतं. गच्चीला काळा, फुगलेला डाग पडला होता आणि पावसाळा तोंडावर होता. आई खाली बसली आणि चिखलातून वाहून चाललेली माती हातांनी गोळा करायला लागली. आम्हीही बसलो. शुभा रडत होती, पण हात चालू होते.

संध्याकाळी मीटिंग झाली. डागाची डागडुजी आम्ही करून द्यायची आणि माती-डबे रविवारपर्यंत गच्चीवरून हलवायचे असं ठरलं. बाबांना चारचौघांत मान खाली घालायची सवय नव्हती. त्यांचा शर्ट इस्त्रीचा असायचा, बोलणं मोजकं असायचं, उभ्या जन्मात त्यांनी कुणाला "सॉरी" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तिथे त्यांनी ते म्हटलं. आणि म्हणाले, "रविवारपर्यंत सगळी काढतो." आई जिन्यात उभी राहून ऐकत होती. बाबा घरी आले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बरा झाला. माका जावक मोकळीक." आणि पलंगाखालची ट्रंक ओढून काढली.

बाबा त्यावर काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते बोलले नाहीत. त्यांना बोलताच यायचं नाही. नट किती, बोल्ट किती, हे विचारा. "जाऊ नको" हे चार अक्षरी बोलणं त्यांच्या स्टोअरमध्ये नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला! आई ट्रंकेत एकेक लुगडं ठेवत होती आणि हा माणूस बुटांना पॉलिश करत बसला होता. आता वाटतं, इतकी वर्षं दर सुट्टीच्या शेवटी आईला मागे ठेवून येताना ते बहुतेक असंच काहीतरी पुसत, घासत बसत असतील. पण हे आत्ताचं शहाणपण. त्या आठवड्यात मला फक्त एवढंच कळत होतं की आई चालली आहे आणि तिला कुणी अडवत नाही.

रविवारी सकाळी आई घाटकोपरला मावशीकडे गेली. गावाला जाणारं कुणी आहे का, सोबत मिळते का, ते बघायला. ती गेल्यावर बाबांनी जुनी लुंगी नेसली, गोण्या घेतल्या आणि म्हणाले, "चला, माती काढायची आहे." आम्ही दोघी त्यांच्यामागून वर गेलो. माती वाळून खपल्यांसारखी झाली होती. बाबा गोण्या भरत होते, आम्ही तोंडं धरून होतो. फाटकाशी कचऱ्याची गाडी उभी असलेली गच्चीवरून दिसत होती. शुभानं मूठभर माती फ्रॉकच्या खिशात घातली. मी बघितलं आणि गोणीचं तोंड आणखी उघडून धरलं.

पहिली गोणी खांद्यावर घेऊन बाबा उतरायला लागले. गच्चीखालचा पहिलाच मजला आमचा. दारापाशी ते थांबले.

"दार उघड," ते म्हणाले.

"बाबा, गाडी खाली आहे."

"माहीत आहे. दार उघड."

त्यांनी गोणी आत नेली आणि पुढच्या खोलीच्या मधोमध ओतली. रोज सकाळी ते स्वतः पुसून घ्यायचे त्याच लादीवर. मग दुसरी आणली, मग तिसरी. डबेही सगळे खाली आले. बाबांनी ते मोरीत घासून धुतले, पुसून ओळीत ठेवले. "पाटणकर गच्चीवर नको म्हणाले," ते माती चाळता चाळता म्हणाले. "घरात नको असं कुठे म्हणाले?" पलंग भिंतीला सरकला. गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही इतके डबे तिथे गेले. खिडक्यांत डबे आले, ओट्याखाली डबे आले, पलंगाखाली ट्रंक निघाल्यानं मोकळ्या झालेल्या जागेत फुटकी बादली आणि माठ बसले.

"पण बाबा, आत ऊन कुठून येणार?" शुभानं विचारलं.

"ते आई आली की तिला विचार," बाबा म्हणाले.

दिवसभर ते भरत होते. जेवले नाहीत. त्यांना रोप लावायचं माहीत नव्हतं, पण डबा भरायचा कसा ते त्यांच्या पद्धतीनं माहीत होतं. माती काठापर्यंत भरायची, तांब्याच्या बुडानं ठोकून ठोकून बसवायची, वरून पट्टीनं सपाट करायची, बाहेरून फडक्यानं पुसायचं. एकेक डबा स्टोअरच्या फळीवर ठेवण्यासारखा झाला. मध्येच कोकिळाबेन दारातून डोकावल्या, सगळा पसारा बघितला, आणि जाऊन आपल्याकडची दोन रिकामी तेलाची पिंपं आणून ठेवली. पापडांबद्दल एक अक्षर नाही.

दिवेलागणीला आई आली. दारातच थांबली, कारण आत पाऊल टाकायला जागा नव्हती. तिनं गॅलरीकडे बघितलं, खिडक्यांकडे बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. बाबा मोरीत हात धूत होते, ते तसेच ओल्या हातांनी बाहेर येऊन उभे राहिले. शुभानं माझा हात धरला होता आणि तिची नखं मला टोचत होती. मला वाटलं, आता आई रडेल नाहीतर हसेल. तिनं दोन्ही केलं नाही. हातातली पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि जवळच्या डब्यात बोट खुपसलं. बोट आत जाईना.

"हे कोणी भरल्यान?"

"मी," बाबा म्हणाले.

"असे चेपून? भिंत बांधूची हा काय? मुळांनी श्वास खंयसून घेवचो?" तिनं डबा उचलला आणि आडवा करून सगळी माती लादीवर पाडली. खाली बसून दोन्ही हातांनी ती मोकळी करायला लागली. "एक झाड जगाचा नाय ह्यात. सगळे परत भरूक होये, पावसाच्या आधी होवक होया. आता माका गावाक जावन कसा चलात?"

ते तिनं आमच्यातल्या कुणालाच विचारलं नव्हतं. पण बाबा "बरं" म्हणाले, तिच्यासमोर मातीतच मांडी घालून बसले आणि पुढचा डबा तिच्याकडे सरकवला.